इसाकचाचा आणि कच्चा बांगडा

इसाकचाचांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा उजवा हात धरला, स्वतःच्या नाकाशी नेला आणि वास घेतला. मग डावा घेतला. ऊद मेथातल्या एका जपानी हॉटेलच्या मागच्या दारात मी उभा होतो. खांद्याला बॅग, पाठीवर ऑगस्टची वाफ आणि दोन्ही हात एका परक्या म्हाताऱ्याच्या ताब्यात. मला वाटलं, एक तर हा माणूस भ्रमिष्ट आहे, नाहीतर दुबईत नोकरी अशीच देतात. दोन्हींची मला सारखीच भीती वाटली.

“विडी ओढत नाय,” ते स्वतःशीच म्हणाले. “सकाळी कांदा कापलाय. तंबाखू... नाय, तंबाखूपण नाय.” मग हात सोडून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. “हां. आता बोल, कोणाचा तू?”

मी नाव सांगितलं, गुहागरकडचा म्हणून सांगितलं. ते त्यांना ठाऊकच होतं. आमचं गाव खाडीच्या अलीकडे, त्यांचा मोहल्ला पलीकडे. माझ्या मामाने त्यांना फोनवर गळ घातली होती, “नववीतनं शाळा सोडली त्याने, पण हात चांगला आहे. चिपळूणला हॉटेलात होता. बायको-पोर आहे पदरात.” एवढ्यावर चाचांनी मॅनेजरपाशी शब्द टाकला आणि माझा व्हिसा निघाला. आणि स्वतः शब्द टाकून आणलेल्या माणसाचा त्यांनी दारातच वास घेतला. नंतर मी एकदा धीर करून त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, “शिफारस माझी. पण नाकपण माझंच ना?”

इसाकचाचा त्या हॉटेलची मासळी आणत. पहाटे अजमानहून भाड्याच्या व्हॅनने निघायचे, देऱ्याच्या मासळी बाजारात उतरायचे आणि आम्ही तांदूळ धुवायला घ्यायच्या वेळेला पाट्या घेऊन मागच्या दाराशी हजर. माल जास्त असला की पाट्या उचलायला मीही बरोबर जायचो. किडकिडीत अंग, पांढरी कातरलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, पायात गमबूट. गळ्यात दोरीला चष्मा. तो चष्मा वाचायला नव्हता, माशाचे कल्ले बघायला होता. नाक अगदी साधं, थोडं बसकंच. त्या नाकातून आत गेल्याशिवाय जगातली कुठलीच गोष्ट त्यांना खरी वाटत नसे. पाण्याचा ग्लास हुंगायचे. नवीन साबण हुंगायचे. फोनवर कोणी “अभिनंदन, तुमचा नंबर लागला” म्हटलं की फोनसुद्धा कानापासून काढून नाकाशी न्यायचे, आम्हाला हसवायला. त्यांची बायको, रुकैयाचाची, मला म्हणाली होती, “नातवंडं झाली तरी माझ्या हातच्या चहाचा वास घेतो हा माणूस. मी म्हणते, मारायचं असतं तर इतकी वर्षं थांबले असते काय?”

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, “आधी संशय, मग सलाम.” दुसरं, बाजारात उभं राहिलं की हमखास निघणारं, “बर्फाखाली सगळेच मासे ताजे.” माणसांनाही ते हेच लावत. सूटबूट घालून कोणी सप्लायर आला की माझ्या कानाशी येऊन म्हणत, “बर्फ बघ किती घातलाय अंगावर.”

आता गंमत अशी की ज्या हॉटेलात ते मासे पुरवत, तिथलं अन्न त्यांनी कधी तोंडात घातलं नव्हतं. दुपारचं गिऱ्हाईक आटपलं की आम्ही सगळे स्टाफवाले एकत्र जेवायला बसायचो. चाचा त्याच बाकावर बसायचे, पण डबा रुकैयाचाचीचा. आमच्या ताटांकडे असे बघायचे, जणू पोलीस पंचनामा करतोय. सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचं ते गरम सार, मिसो, माझ्यापुढे आलं की विचारायचे, “हे कळण की कढी?” मी म्हणायचो, “दोन्ही नाही चाचा. पण सुक्या माशाच्या पाण्याचं करतात, आपल्या सुकटीसारखा वास येतो. घ्या ना घोटभर.” “सुकटीसारखा वास येतो म्हणजे सुकट नाय,” चाचा म्हणायचे. “सारखा असणारा माणूस आणि असणारा माणूस, यात फरक हाय.”

एकदा कोबीचा जाड पोळा, आपल्या धिरड्याचा मोठा भाऊ म्हणा, त्यावर सुक्या माशाचे रंध्याने काढल्यासारखे पातळ पापुद्रे टाकले होते. पोळ्याच्या वाफेने ते पापुद्रे वळवळायला लागले. चाचांनी डब्याचं झाकण लावलं आणि बाक सोडून उभे राहिले. “मेलेला हाय ना हा? मग हलतो का?” मी समजावलं, वाफेने हलतो. “वाफेने कपडा हलतो. मासा नाय हलत.” ते पापुद्रे निपचित पडेपर्यंत चाचा उभेच होते, आणि पडल्यावर म्हणाले, “बघ. आता मेला.”

मिरीन नावाची एक गोड दारू जपानी स्वयंपाकात घालतात. आमच्या हॉटेलात दारू चालत नव्हती, म्हणून तिच्या जागी साखरेचं काहीतरी आटवून घालायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजर सजीसर केरळचे, त्यांनी चाचांना स्वतः लेबल वाचून दाखवलं होतं. तरी नवीन बाटली आली की चाचा बूच काढून हुंगायचे. सजीसर वैतागून म्हणायचे, “चाचा, कागद पे लिखा है!” चाचा शांतपणे बूच लावत म्हणायचे, “सर, कागद को नाक नहीं होता.”

ऊद मेथात आपल्या लोकांच्या शाळा आहेत, त्यामुळे संध्याकाळी क्लास सुटले की मराठी घरंसुद्धा आमच्याकडे यायची. पोरांना इथलं सगळं पाठ. आई-बाबा मेनू उलटा-सुलटा करत बसायचे. चाचा स्वयंपाकघराच्या झरोक्यातून त्यांच्याकडे बघत. “काय खातात ते बघू नको,” मला म्हणायचे, “पहिला घास घेतल्यावर भुवई कुठे जाते ते बघ.” एकदा पुण्याच्या एक आजी आल्या होत्या, मुलाकडे दोन महिने राहायला. नातीने त्यांच्यासाठी अंड्याची ती वाफवलेली वाटी मागवली. चवानमुशी म्हणतात तिला. पिवळसर, थुलथुलीत, वर चकाकी. आजींचा चेहरा एकदम उजळला. “अगोबाई, खरवस! इथे चीक कुठे मिळतो गं?” नात म्हणाली, “आजी, इट्स नॉट स्वीट.” आजींनी ऐकलं नाही, मोठा चमचा भरून घेतला. आतून कोळंबी निघाली. आजींची भुवई कपाळाच्या वर गेली ती बिल येईपर्यंत खाली आली नाही. आम्ही आत तोंडावर फडकी धरून हसलो. चाचा मात्र हसले नाहीत. “म्हातारी भरवशावर गेली,” म्हणाले. “आवडीचं दिसलं की माणूस वास घ्यायला विसरतो.” तेव्हा मला ते नुसतं चिडकं बोलणं वाटलं होतं.

पण त्यांचं नाक फक्त खोट काढण्यापुरतंच होतं असं कोणी समजू नये. एक दिवस आधीच्या शेफनी मला भाताचे गोळे वळायला सांगितले. ओनिगिरी. जपानी पोरं शाळेच्या डब्यात नेतात. हाताला मीठपाणी लावायचं, गरम भात घ्यायचा, गोळा करायचा, वर काळे तीळ. मी पहिला गोळा वळला, तीळ टाकले आणि माझा हात तिथेच राहिला. आदल्या वर्षी वडलांचं दहाव्याचं मी खाडीकाठी असंच सगळं केलं होतं. असाच गोळा, असेच तीळ. मी भिऊन कोणाला काही बोललो नाही, कारण इथे येऊन “मी हे करणार नाही” असं म्हणणारा माणूस किती दिवस टिकतो ते मला माहीत होतं. चाचा पाटी धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमच्यात गेलेल्या माणसाला ठेवता ना असं? लहानपणी आम्ही पलीकडच्या काठावरनं बघायचो. तुम्ही सगळे कावळ्याची वाट बघत बसायचात.” त्यांनी हात पुसले, शेफकडे गेले, हातांनी त्रिकोण करून दाखवला, “शेफ, थ्री कॉर्नर! थ्री कॉर्नर गुड!” शेफला तसेही त्रिकोणीच चालत, ते हो म्हणाले. चाचा परत येऊन म्हणाले, “तीन कोनांचं कर. तीन कोनांचं कोण मेलेला मागत नाय.” मी करायला लागलो. एक त्यांच्यापुढे धरला तर लगेच मान मागे. “तू वळलास ते ठीक. भातात पाणी कोणी घातलंय?”

पुढे ते शेफ गेले आणि ओकादा नावाचे नवीन शेफ आले. इथून खरी गोष्ट सुरू होते.

ओकादा शेफ पन्नाशीचे, उंच, फार कमी बोलणारे. त्यांच्या वडलांचं समुद्रकाठी छोटं दुकान होतं, मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बांगड्यासाठी प्रसिद्ध. आपल्या बांगड्याचा चुलत भाऊ तिकडे मिळतो. आधी कडक गोठवायचा, मग मिठात ठेवायचा, मग व्हिनेगरमध्ये, मग वरची पातळ कातडी अलगद सोलून, भातावर दाबून बसवायचा. शिजवायचा मात्र नाही. शेफनी ठरवलं, इथे हीच आपली खासियत करायची. चाचांना बोलावून त्यांनी बांगडा आणायला सांगितला, आणि सोबत आपल्या वडलांच्या दुकानाचा नियमही सांगितला. जो मासा आणतो, तो पहिला तुकडा खातो. मगच मासा गिऱ्हाईकापुढे जातो.

चाचांनी बांगडे आणले. दर वेळी असे की शेफ एकेक उचलून, उलटून, काही न बोलता मान हलवायचे. मुरवून झाल्यावर शेफनी एक रुपेरी तुकडा पांढऱ्या बशीत ठेवून चाचांपुढे सरकवला. चाचांनी बशी हुंगली आणि परत सरकवली. “नो, शेफ.” दुसऱ्या वेळी, “नो, शेफ. शुक्रिया.” तिसऱ्या वेळी शेफनी बशी परत घेतली नाही. ती तशीच ओट्यावर राहिली आणि सगळं स्वयंपाकघर तिच्याकडे बघत राहिलं.

शेफचं म्हणणं सरळ होतं आणि खोटं सांगत नाही, मला ते पटतही होतं. जो माणूस स्वतः आणलेलं स्वतः खात नाही, त्याला काहीतरी माहीत असणार जे तो सांगत नाही. मासेवाल्याशी त्याचं काहीतरी असेल. जुनं नवीन करून गळ्यात मारत असेल. संशयाचा हा वास एकदा स्वयंपाकघरात शिरला की जात नाही. भांडी घासणारे कुजबुजायला लागले. जन्मभर दुसऱ्यांवर शंका घेणारा म्हातारा आला की बोलणी थांबायची. एकदा इंटरनॅशनल सिटीला माझ्या खोलीवर परत जाताना बसमध्ये माझ्याही मनात येऊन गेलं, बाजारात ते एकाच मासेवाल्याशी इतका वेळ काय बोलत असतात? मग मलाच कसंतरी झालं. ज्या हाताने मला इथे आणलं त्याच हाताचा मी वास घेत होतो.

सजीसरांनी चाचांना बाजूला घेऊन सांगितलं, मी तिथेच भाजी निवडत होतो. “चाचा, गुरुवार तक. शेफ बोलता है, खायेगा तो रहेगा. नहीं तो दूसरा आदमी देखना पड़ेगा. मैं क्या करूँ, हबीबी?”

चाचांनी साठी कधीच ओलांडलेली. त्या वयात इथे हातची नोकरी गेली की दुसरी कोणी देत नाही, आणि नोकरी गेली की व्हिसा जातो, चाचीचाही त्यांच्याबरोबरच. त्यांची मुलगी अजमानलाच दोन गल्ल्या सोडून राहायची. शाळेतून आली की नातवंडं रोज आजीकडे. चाचा मराठीत विचारायचे, “काय खाल्लं रे शाळेत?” आणि नातू म्हणायचा, “नथिंग, नाना.” चाचा त्याचं तोंड हुंगून म्हणायचे, “चॉकलेट!” हे सगळं त्या बशीतल्या एका तुकड्यावर येऊन बसलं होतं. खाल्ला तर राहील, नाही तर खलास.

मंगळवारी शेफनी मला हाक मारली. बशी पुढे केली. “यू ईट. यू ईट, यू गो मार्केट.” म्हणजे चाचांची जागा मला, हे कळलं. नाही म्हणायची हिंमत माझ्यात कुठली? मी तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटून घेतले, आता कच्च्या मासळीचा वास घशात चढणार म्हणून. चढला नाही. आधी आंबट, मग मीठ, मग एकदम मऊ स्निग्ध काहीतरी, जिभेवर चढून विरघळणारं. आपल्याकडे मुरलेल्या लोणच्यातली फोड कशी कडक राहूनही मऊ होते, तसं. मला आवडलं. इतकं आवडलं की मी बशीकडे परत बघितलं, आणि मग झरोक्याशी उभ्या असलेल्या चाचांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. मागच्या दाराशी उलट्या क्रेटवर बसून डबा धूत होते.

“चाचा, मी तुमची जागा मागितली नाही. आईशपथ.”

“मला ठावं हाय. तुझ्यात मागायची धमक असती तर नववी पास झाला असतास.”

“मग तुम्ही खा ना एक तुकडा. हराम काही नाही त्यात. व्हिनेगर आणि मीठ.”

“बाटली मीच हुंगली. हराम नाय.”

“कच्चं म्हणून किळस येते?”

“किळस आली तर बरंच होईल.” त्यांनी डब्याचं झाकण झटकलं. “आवडला तर?”

मला कळलं नाही.

“दिन्या, बांगडा हा सगळ्यांत लबाड मासा. पाण्याबाहेर आला की सडायला लागतो आणि दिसतो मात्र नवरीसारखा. इतकी वर्षं मी त्याच्याकडे दुश्मन म्हणून बघतो. उद्या जिभेला लागला, तर सकाळी पाटीसमोर उभा राहीन आणि तोंडाला पाणी सुटेल. तोंडाला पाणी सुटलं की नाक बंद. मला शंका घ्यायला ठेवलाय रे. आवडत्या माणसावर कधी शंका घेता येते?”

“तळलेला खाताच की तुम्ही घरी.”

“तळलेल्याला तेल-मिरची थोडी माफी देते. कच्च्याला माफी नाय. आणि घरचा बाजार चाची करते, विचार तिला. मी घरासाठी आजवर एक मासा घेतला नाय. भुकेल्या माणसाने बाजार करू नये.”

“हे शेफना सांगा ना मग.”

“कुठल्या भाषेत? आणि सांगून काय? संशय आलेल्या माणसाला कारण सांगितलं की त्याचा संशय वाढतो. मी नाय वाढवत?” आणि ते हसले. मला हसू आलं नाही.

बुधवारी पहाटे शेफच्या सांगण्यावरून मीही बाजारात गेलो. चाचांनी वाटेत एक शब्द विरोधात काढला नाही. बाजारात शिरल्यावर म्हणाले, “आज तू निवड.” मी या माणसाच्या मागे मागे बरेच महिने पाट्या उचलल्या होत्या, मला अगदीच कळत नव्हतं असं नाही. मी फिरलो आणि एका पाटीपाशी थांबलो. काय बांगडे होते! पाठीवर निळ्या-हिरव्या रेघा, पोट चांदीसारखं. मला बशीतला तुकडा आठवला. ह्याच्या पोटाचा तुकडा कसा लागेल, हेच डोक्यात. मी म्हटलं, “ही द्या.” पाटी उचलून व्हॅनपाशी आणलीसुद्धा. तिथे चाचांनी चष्मा चढवला, एक बांगडा घेतला आणि बोटाने कल्ला उघडला. आत लाल नव्हतं. विटकरी, चिकट. डोळा आत गेलेला. कालचा माल, वर पाणी मारून चमकवलेला. अशा माशाला मी आदल्या महिन्यात हातसुद्धा लावला नसता. कल्ला उघडायचं मला सुचलंच नव्हतं.

चाचांनी विचारलं, “काल खाल्लास ना?”

“हो.”

“आवडला?”

“हो.”

“हां,” म्हणाले, आणि पाटी परत द्यायला वळले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी दुपारी बशी पुन्हा ओट्यावर आली. सजीसर दाराशी उभे, हातात मोबाईल, नजर मोबाईलमध्ये. चाचांनी हात धुतले, टोपी सारखी केली. मला वाटलं, खाणार. नातवाचा विचार करून खाणार. त्यांचा हात बशीकडे गेलाही. आणि मी मधे बोललो. मी, जो या देशात आल्यापासून कोणी विचारल्याशिवाय बोललो नव्हतो.

“शेफ! आय ईट. आय लाइक. यस्टरडे मार्केट, आय टेक बॅड फिश. बिकॉज आय लाइक.” माझी इंग्रजी तिथेच संपली. मी चाचांकडे बोट केलं. “ही नो ईट. ही सी.”

सजीसरांनी मोबाईल खाली केला. मला वाटलं, झालं, आता दोघांचीही तिकिटं काढतील. शेफनी सुरी खाली ठेवली. आधी माझ्याकडे बघितलं, मग चाचांकडे, मग सजीसरांना बोलावून मी काय म्हणालो ते नीट समजून घेतलं. सजीसरांनी हिंदीत मला विचारलं, मी बाजारातली सगळी हकिकत सांगितली, चाचांचं ‘आवडला तर?’ही सांगितलं. ते शेफना इंग्रजीत सांगताना सजीसरांचा स्वतःचाच आवाज हळू होत गेला.

शेफ ओट्याला टेकले. मग आपल्या तुटक इंग्रजीत जे बोलले ते असं होतं, “दुकानात पहिला तुकडा वडील खायचे. पण बाजारात आई जायची.” जणू त्यांनाच ते आत्ता दिसत होतं. “आईला मासे आवडत नसत.”

त्यांनी बशी उचलली आणि तो तुकडा स्वतः खाल्ला.

त्यानंतर बशी पुन्हा चाचांपुढे आली नाही. शेफचा संशय संपला असं मात्र नाही. तो फक्त कामाला लागला. रोज सकाळी पाट्या आल्या की ते चाचांना विचारत, “टुडे, व्हॉट बॅड?” आणि चाचा आनंदाने तक्रारी सांगत. हा मऊ पडलाय, ह्याला उद्या वापरू नको, ह्याचा दुकानदार आज माझ्या नजरेला नजर देत नव्हता. दोघं पाटीवर वाकून असे उभे राहत की जणू दोन म्हातारे सासरे नवऱ्या मुलाची चौकशी करतायत. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण चाचा सुट्टीवर असले की शेफ दिवसभर चिडचिडे असायचे, हे सगळ्यांनी पाहिलं.

मग गुडघ्यांनी दगा दिला. बाजारातला ओल्या फरशीचा उतार चाचांना झेपेना. त्यांनी स्वतःहून सजीसरांना सांगितलं, आणि रुकैयाचाची म्हणाली, “आता गावाला चला, तिथलं मीठच तेवढं हुंगायचं राहिलंय.” मुलगी रडली, नातवाने इंग्रजीत विचारलं की गावाला वायफाय आहे का. कोणी घालवलं म्हणून चाचा गेले नाहीत. ठरवून गेले. मला एवढंच बरं वाटतं. शेवटचे काही आठवडे बाजारात मी एकटाच जायचो आणि चाचा मागच्या दाराशी खुर्ची टाकून पाट्या तपासायचे.

शेवटच्या दिवशी स्टाफच्या जेवणाला ते नेहमीच्या जागी बसले, पण डबा आणला नव्हता. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. चाचा शेफना म्हणाले, “शेफ. बांगडा.” शेफनी ऐकलं, पण ऐकल्यासारखं दाखवलं नाही. सावकाश सुरी पुसली, मुरवलेला बांगडा काढला, कातडी सोलली, तुकडे केले आणि बशी स्वतः आणून ठेवली.

“आता शंका घ्यायचं काम माझं नाय,” चाचा मला म्हणाले. “हा कोणी आणला?”

“मी.”

“कल्ला?”

“लाल होता.”

“डोळा?”

“बाहेर.”

मग त्यांनी बोटांनीच एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. खूप वेळ चावत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या भुवईकडे बघत होतो. भुवई जागची हलली नाही. गिळलं, पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बर्फ कमी पडला.”

माझा चेहरा पडला असणार. शेफनी सजीसरांना विचारलं, काय म्हणाला? सजीसर अडखळले. तोपर्यंत चाचांनी दुसरा तुकडा उचलला होता. मग तिसरा. बशी रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती शेफकडे सरकवली, छातीवर हात ठेवला आणि उठले.

आता बाजार मीच करतो. मला तो बांगडा अजून आवडतो आणि म्हणून मी तो खात नाही. मराठी गिऱ्हाईक विचारतं, “काय हो, कच्चा कसा लागतो?” तर मी म्हणतो, शेफना विचारा. चाचा गावाला आहेत, फोन येतो. तिकडच्या मासेवाल्यांना नावं ठेवतात, माझ्या पोरीची चौकशी करतात, पैसे पाठवतोस ते पोचतात का ते घरी फोन करून विचार, नुसत्या मेसेजवर जाऊ नको म्हणतात.

त्या दिवशी बर्फ खरंच कमी पडला होता का, मला माहीत नाही. पाटी मीच भरली होती आणि मला तरी तो पुरेसा वाटला होता. फोनवर विचारता आलं असतं. दर वेळी ओठांवर येतं आणि मी थांबतो. “अरे नाय, उगाच म्हटलं, मासा चांगला होता,” असं चाचा म्हणाले तर? मी विचारत नाही. पहाटे बाजारात उभा राहतो, कल्ला उघडतो, आणि पाटी भरून झाल्यावर वरून आणखी एक फावडं बर्फ घालतो.